कापलेली कड

६ नोव्हेंबर

धाकट्या,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला टाकशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि तुझ्या बायकोला मध्ये घालून निरोप धाडायचं माझं वय राहिलेलं नाही. तेव्हा पत्र. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण वाचायला घेतलंस तर शेवटपर्यंत वाच.

मी अजून तेच काम करते. नगरपालिकेच्या बांधकाम विभागाच्या यादीवर फोटोवाले आता तिघे आहेत आणि त्यांतली मी सगळ्यांत जुनी. गुडघे कुरकुरतात, पण हात पक्का आहे. दर सहा महिन्यांनी त्याच इमारती, तेच कोपरे, आणि खुणेसाठी जमिनीत ठोकलेले माझे तेच खिळे. एखाद्या खिळ्यावर कुणी गाडी लावून ठेवली असेल तर मालक सापडेपर्यंत मी तिथेच खुर्ची टाकून बसते. लोक मला ‘खिळेवाली बाई’ म्हणतात. म्हणेनात का.

सध्या एका शाळेच्या मागच्या भिंतीवरून भांडण लागलंय. दोन मजली भिंत, तिला लागून सहा वर्ग, आणि खाली मुलांचे पाण्याचे नळ. भिंत वाकडी आहे की नाही हे कुठलाही गवंडी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून सांगेल. ती सरकते आहे की नाही हे मात्र फोटोच सांगतो: मागच्या वर्षीचा आणि आताचा, एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, कॅमेरा अगदी पाण्यासारखा सपाट ठेवून काढलेला. माझे दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतं, भिंतीचं डोकं वर्षभरात चार बोटं बाहेर आलंय.

दोन वर्षांपूर्वी ज्या ठेकेदाराने ती भिंत मजबूत करून दिली, त्याचा इंजिनिअर मला परवा म्हणाला, “बाई, भिंत नाही हलली. तुमचा कॅमेरा हलला.”

मला हसू आलं. तीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. तिपाई उभी करून मी तिच्यातल्या पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणते. मग कॅमेऱ्यावर गवंड्याची छोटी पाणसळ आधी आडवी ठेवून बघते, मग उभी. एवढ्यावर न थांबता काठीला ओळंबा बांधून चौकटीच्या अगदी कडेला सोडते, म्हणजे सरळ रेषा कोणती याची साक्ष फोटोतच राहते. ऑफिसला जाणाऱ्या प्रतीत ती कड कापली जाते, त्यांचं माप ठरलेलं आहे म्हणून. मूळ फोटोत असते.

तुला हे का सांगते आहे? कॅमेरा सरळ ठेवण्याबद्दल पाच मिनिटं ऐकून घेईल असं माणूस इथे दुसरं नाही, म्हणून.

ताई


१४ नोव्हेंबर

धाकट्या,

मागचं पत्र परत आलं नाही. म्हणजे निदान घरात घेतलंस.

काल बैठक झाली. लांब टेबल, वर करकरणारा पंखा. टेबलाच्या डोक्याला विभागाचे साहेब, एका बाजूला शाळेच्या मुख्याध्यापिका, समोर तो ठेकेदाराचा इंजिनिअर. तरुण आहे, बोलायला गोड. माझ्याशी तर इतका गोड बोलला की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

“बाई, एक विचारू? फोटो तिरका आला तर तुम्ही तो कॉम्प्युटरवर सरळ करता का?”

“माझा फोटो तिरका येत नाही.”

“पण कधी केलाय?”

मी काही बोलायच्या आत त्याने पिशवीतून एक कागद काढला. माझा जबाब होता तो. नऊ वर्षांपूर्वीचा, गोदामाच्या चौकशीतला. कुठून मिळवला कोण जाणे. त्याने मोठ्याने वाचला: ‘मूळ छायाचित्र कॅमेरा तिरका धरल्यामुळे सदोष होते. मी ते सद्हेतूने दोन अंश फिरवून सरळ केले. मूळ प्रत आता उपलब्ध नाही.’ खाली माझी सही.

“मग मागच्या वर्षीचा शाळेचा फोटो तुम्ही असाच सद्हेतूने सरळ केला नसेल कशावरून?” तो म्हणाला. “तसं असेल तर भिंत पहिल्यापासूनच अशी आहे. सरकली कुठे?”

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. दहा दिवसांत सगळे मूळ फोटो घेऊन या, म्हणाले. मुख्याध्यापिकांनी विचारलं, तोवर मुलांना त्या वर्गांत बसवू की नको? साहेब म्हणाले, अहवालाशिवाय वर्ग बंद करण्याचा हुकूम मला काढता येत नाही. त्या बाईंनी मग नळांपाशी स्वतःच दोरी बांधली, आणि मधल्या सुट्टीत तिथे पहारा देत उभ्या राहतात. वर्गांचं त्या काय करणार? सहा वर्गांतली मुलं उठवून बसवायला दुसरी जागा नाही.

आता गोदामाचा विषय निघालाच आहे तर माझी बाजू तूही एकदा ऐक. त्या आठवड्यात मला ताप होता. उभं राहवत नव्हतं, म्हणून गोदामाच्या बाजूच्या भिंतीचा फोटो काढायला तुला पाठवलं. तू आणलास तो मी अंथरुणातूनच कॉम्प्युटरवर उघडला, तर भिंत बाहेर कललेली. तू लहानपणापासून कॅमेरा कलता धरायचास. आईच्या प्रत्येक फोटोत आई टेकडी चढत असल्यासारखी दिसायची. मला वाटलं, पुन्हा तेच. भिंतीची कड धरून फोटो दोन अंश फिरवला, कडा कापल्या आणि पाठवून दिला. भिंत ठीक आहे, असा शेरा पडला. चार महिन्यांनी ती कोसळली आणि एका हमालाचा पाय तिच्याखाली सापडला.

मी चौकशीत जे सांगितलं ते मला तेव्हा खरं वाटत होतं. माणूस तापात चुकतो.

ताई


१९ नोव्हेंबर

धाकट्या,

मागच्या पत्राची शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. पेटीत टाकून घरी आले आणि जेवण गेलं नाही.

तापात चुकले ते खरं. फोटो फिरवला तेव्हा खरंच वाटलं होतं की तूच कॅमेरा कलता धरलास. पण चौकशीत मी बोलले तेव्हा ताप उतरून चार महिने उलटून गेले होते.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तुझा मूळ फोटो पुन्हा उघडला. तू सारखा सांगत होतास, ‘ताई, मी गवंड्याची पाणसळ मागून घेतली होती, कॅमेरा सपाट होता, मूळ फोटो बघ.’ म्हणून उघडला. आणि माझ्या घाईत कापलेल्या डाव्या कडेला एक दिवा दिसला. पहारेकऱ्याच्या शेडमधला, लोखंडी टोपीचा, लांब वायरीला टांगलेला. चांगला जड दिवा. त्याची वायर फोटोच्या कडेशी समांतर होती. मी पट्टी लावून पाहिली. वरून खालपर्यंत केसाचासुद्धा फरक नव्हता.

टांगलेली वस्तू खोटं बोलत नाही, हे मीच तुला शिकवलं होतं. कॅमेरा सरळ होता. भिंत कलली होती. तू बरोबर फोटो आणलास आणि मी तो बिघडवला.

मी कॉम्प्युटर बंद केला, कार्ड काढलं आणि पत्र्याच्या डब्यात सुयादोऱ्यांच्या खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की मूळ प्रत नाही. तू समोरच बसला होतास. तू पाणसळीचं सांगितलंस तेव्हा अध्यक्षांनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं? मी म्हणाले, “त्याला पाणसळ धरता येत नाही.” एक-दोघं हसले. तू माझ्याकडे पाहिलंस ते मला अजून दिसतं.

कारण विचारशील. कारण फार मोठं नाही. माझं नाव होतं आणि मी ते वीस वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं. तू तरुण आहेस, दुसरं काही करशील, असं मी मनाला समजावलं. तू खरंच दुसरं काही केलंस, दुसऱ्या शहरात जाऊन चष्म्याच्या दुकानात उभा राहिलास, तेव्हा मी लोकांना सांगायचे की बरं झालं, त्याला या कामाची आवड नव्हतीच. आई मात्र विचारत राहिली. शेवटच्या आजारातही विचारलं, ‘तुम्हा दोघांचं नेमकं झालं काय?’ मी तिचं पांघरूण सारखं करत बसले.

आता पुढचं ऐक. फोटोच्या कडेला ओळंबा सोडायची सवय मी तुला पहिल्या पत्रात मोठ्या ऐटीत सांगितली. ती सवय मला त्या दिव्याने लावली. ऑफिसचा तसा काही नियम नाही. गोदामानंतर ओळंब्याशिवाय मी एकही फोटो काढला नाही, म्हणजे शाळेच्या दोन्ही मूळ फोटोंत तो आहे. पुढच्या बैठकीत ते टेबलावर ठेवले की इंजिनिअरचं तोंड बंद होईल. पण तो पोरगा हुशार आहे. पहिला प्रश्न विचारेल, ‘बाई, हे कधीपासून आणि कशासाठी?’

‘खबरदारी म्हणून’ एवढं सांगून सुटता येईल. उत्तर तोंडात तयार आहे. ते देणार नाही, हे तुला आधी कळवते आहे, म्हणजे मला मागे फिरायला जागा राहणार नाही.

ताई


२६ नोव्हेंबर

धाकट्या,

सांगितलं.

मी दोन्ही मूळ फोटो मोठे छापून नेले होते. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कडेला ओळंब्याची दोरी, आणि साहेबांना म्हटलं, तुमच्याच हाताने पट्टी लावा. त्यांनी लावली. दोन्ही फोटोंत दोरी सरळ. मागच्या वर्षीच्या फोटोत भिंत दोरीच्या जवळजवळ बरोबरीने, यंदाच्या फोटोत चार बोटं बाहेर. इंजिनिअरने स्वतःही पट्टी लावून पाहिली. मग अपेक्षेप्रमाणे म्हणाला, “हा ओळंबा कुणी लावायला सांगितला तुम्हाला?”

“कुणी नाही.”

“मग कधीपासून लावता?”

“गोदामाच्या चौकशीपासून.”

“का?”

मी पर्समधून तिसरा फोटो काढला. तुझा. न फिरवलेला, न कापलेला. दिव्यावर बोट ठेवलं आणि बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. कार्ड माझ्याकडे होतं, मी नाही म्हणाले, कॅमेरा सरळ होता, दोष माझा होता, माझ्या भावाचा नव्हता. आवाज कापेल असं वाटलं होतं, पण कापला नाही. कामाचं बोलताना माझा आवाज जसा असतो तसाच राहिला.

इंजिनिअरला आनंद झाला, तो त्याने लपवला नाही. म्हणाला, “म्हणजे बाई खोटा जबाब देतात हे त्यांनीच कबूल केलं. मग आजच्या फोटोंवर विश्वास का ठेवायचा?”

तेव्हा मुख्याध्यापिका बोलल्या. “विश्वास ठेवू नका ना,” त्या म्हणाल्या. “पट्टी आहे, दोरी आहे. तुम्हीच लावून बघितलंत आत्ता. यांच्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर दोरीवर ठेवा.”

साहेबांनी त्याच बैठकीत वर्ग रिकामे करण्याचा हुकूम काढला. दुसऱ्या दिवशी मुलं बाकं डोक्यावर घेऊन समोरच्या व्यायामशाळेत गेली. मी रस्त्यावर उभी राहून पाहत होते. शनिवारी भिंतीचा वरचा भाग उतरवायला घेतला. मिस्त्रीने मला हाक मारून दाखवलं: आतला अर्धा चुना नुसती भुकटी होऊन बसला होता. बोटाने ओढला तर हातात आला.

मला यादीवरून काढलं आहे. साहेबांना वाईट वाटलं, मला त्यांच्यापेक्षा कमी. गोदामाची नोंद दुरुस्त झाली आहे. प्रत सोबत जोडते. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे की छायाचित्र घेणाऱ्याने कॅमेरा योग्य प्रकारे समपातळीत ठेवला होता. शब्द त्यांचे आहेत. ‘योग्य प्रकारे’ मी घालायला लावलं.

त्या हमालालाही भेटून आले. आता एका दुकानाच्या दारात वजनकाटा घेऊन बसतो. काठी शेजारी. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “फोटो कुणी वाकडा केला, याचं माझ्या पायाला काय?” मी तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने त्याने स्टूल पुढे सरकवलं.

“पण तुमचा भाऊ दवाखान्यात आला होता,” तो म्हणाला. “तीनदा. तिसऱ्या खेपेला, चौकशी झाल्यावर, रडला. म्हणाला, माझ्या हातून कॅमेरा हलला असेल, माफ करा. हलला नव्हता तर माफी कशाची मागत होता?”

धाकट्या, हे मला माहीत नव्हतं.

मी समजत होते की तुला खरं ठाऊक आहे आणि तू माझ्यावर चिडून गेलास. चिडलेला माणूस मला पेलवतो. नऊ वर्षं मी त्याच हिशेबाने जगले, की त्याला निदान माहीत आहे, तो बरोबर होता. पण मी इतक्या ठामपणे बोलले की तुलाच तुझ्या हाताची खात्री उरली नाही. आपणच एका माणसाचा पाय घालवला, असं तू मानत राहिलास. हमालापाशी बसून मी हे पहिल्यांदा समजून घेतलं. घरी आले ते चालत. रिक्षा थांबवायचंही सुचलं नाही.

सोबत तुझा फोटोही आहे, पूर्ण आकारात. पट्टी लावून बघ. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

ताई


३ डिसेंबर

धाकट्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी ओला हात पदराला पुसत होते, आणि तुझं नाव दिसल्यावर तो पुसायचा राहिलाच. तू ‘माफ केलं’ म्हणाला नाहीस. बरं केलंस. ते इतक्या लवकर म्हणाला असतास तर मला खरं वाटलं नसतं. तू एवढंच म्हणालास, “पोरीला ऐकवायचंय. तिसरा परिच्छेद. तूच वाचून दाखव.” फोन तिच्या हातात दिलास आणि बाहेर निघून गेलास. दार लागल्याचा आवाज मला ऐकू आला. तेव्हा पुढे काय बोलणं झालं ते तुला कळायला हवं.

मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेले. आता आवाज आपल्या आईसारखा झालाय. मी परिच्छेद वाचला. तिने पुन्हा वाचायला सांगितला. पुन्हा वाचला.

मग म्हणाली, “आत्या, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“घाबरले होते.”

“कुणाला?”

“कुणालाच नाही. माझं नाव जाईल म्हणून.”

मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, “बाबा आमचे फोटो काढत नाहीत. शाळेत माझ्या बक्षीस समारंभाला सगळ्यांचे बाबा पुढे येऊन फोटो काढत होते. बाबांनी फोन शेजारच्या काकांना दिला. म्हणाले, तुम्ही काढा, माझा हात वाकडा आहे. मला वाटायचं त्यांच्या हाताला खरंच काही झालंय. मी आईला विचारलं होतं, ऑपरेशन करता येत नाही का?”

“त्यांचा हात सरळ आहे,” मी म्हणाले. “आमच्या दोघांत त्या दिवशी त्यांचाच सरळ होता.”

“हे बाबांना सांगितलंत?”

“लिहिलंय.”

“लिहिलंय ते मी वाचलं. सगळी पत्रं वाचलीत मी, बाबांनी टेबलावरच ठेवली होती. पण समोर सांगितलंत का?”

मी म्हटलं, नाही.

“चौकशीत तर समोर सांगितलं होतं ना,” ती म्हणाली. “त्यांना येत नाही, असं. सगळ्यांसमोर.”

पोरगी चौदा वर्षांची आहे ना रे? माझ्याशी इतकं सरळ बोलणारं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटलं. तिच्यावर रागावू नकोस.

रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. न्यायला येऊ नकोस, पत्ता पाकिटावर लिहून लिहून पाठ झालाय. दार उघडलंस तर सगळ्यांसमोर सांगेन, तुझ्या बायकोसमोर आणि पोरीसमोर. नाही उघडलंस तर जिन्यात उभी राहून सांगेन, शेजारच्या काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्यांनीही ऐकायला हवंच.

ताई